आमची वाटचाल: प्रूफवरची दुसरी सही

स्टुडिओ सुरू केला तेव्हा आम्ही दोघंच होतो. डिझाइन माझ्याकडे, हिशेब आणि ग्राहक भागीदाराकडे, आणि मागच्या बाजूला जुनं चाररंगी ऑफसेट छपाईचं मशीन. कामं वाढली, हात कमी पडू लागले, तेव्हा उपयोजित कलेचे विद्यार्थी दोन-दोन महिन्यांसाठी घ्यायला लागलो.

ती सुरुवात चुकीची होती. त्यांना आम्ही फोटोंची पार्श्वभूमी काढायला बसवायचो, स्कॅनिंग करून घ्यायचो, ग्राहकाच्या बारीकसारीक दुरुस्त्या त्यांच्या गळ्यात टाकायचो. एका मुलीने शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र हातात घेताना विचारलं, "सर, मशीन चालू असताना एकदा आत जाऊन बघू का?" दोन महिने ती मशीनपासून वीस पावलांवर बसली होती. तो प्रश्न मला फार लागला.

पुढच्या तुकडीपासून पद्धत बदलली. प्रत्येकाला एक काम, लहान का असेना, पण ग्राहकाच्या पहिल्या भेटीपासून कटिंगपर्यंत त्याचंच. मानधन पहिल्या महिन्यापासून. ग्राहकाची हरकत नसेल तर श्रेयनामावलीत नाव. आणि अंतिम प्रूफवर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या नमुन्यावर, माझ्या सहीशेजारी त्याची सही.

त्यातलं एक काम विसरता येत नाही. एका प्रदर्शनाची ३२ पानी पुस्तिका. मुलाने पानं सुरेख लावली होती. प्रूफवर आम्हा दोघांच्या सह्या झाल्या आणि मशीन सुरू झालं. पहिले काही ताव बघून मशीनवरच्या काकांनी मशीन थांबवलं. त्याच्या हातात भिंग देत म्हणाले, "बाळा, अक्षराच्या कडेला बघ." प्रत्येक बारीक अक्षराला एका बाजूने लालसर, दुसऱ्या बाजूने निळसर सावली होती. त्याने मजकुराचा काळा आरजीबीत, म्हणजे पडद्यावरच्या रंगपद्धतीत, घेतला होता. फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, बदलताना तो काळा चारही शायांत वाटला गेला. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते. नऊ पॉइंटचं अक्षर चार प्लेटांवरून एकावर एक अचूक बसवणं कठीण, कागद केसभर सरकला तरी कडा फाटते. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर हवा होता. डिजिटल प्रूफवर हे दिसत नाही, म्हणून फाइलमध्ये रंगांच्या प्लेटा वेगवेगळ्या उघडून बघायच्या असतात. ते मी केलं नव्हतं. नव्या प्लेटांचा खर्च आम्ही सोसला, त्याच्या मानधनाला हात लावला नाही. त्या संध्याकाळी तो दुसरी छपाई संपेपर्यंत काकांच्या शेजारी उभा होता.

१९१९ साली वाल्टर ग्रोपियस यांनी वायमारला बाउहाउस ही कलाशाळा सुरू केली. तिच्या सुरुवातीच्या काळात कार्यशाळांना दोन शिक्षक असत, एक कलावंत आणि एक कारागीर. आमच्याकडे ती दुसरी जागा काकांची आहे. शाईचा थर किती, आर्टपेपरवर शाई सुकायला किती वेळ द्यायचा, घडीच्या रेषेवर गडद रंग का तडकतो, हे मीसुद्धा त्यांच्याकडूनच शिकलो.

मुलांकडूनही आम्हाला पुष्कळ मिळालं. एका विद्यार्थिनीने आमच्या जुन्या पुस्तिका पुढ्यात मांडून दाखवलं, की दोन ओळींमधलं अंतर आम्ही रोमन लिपीच्या मापाने ठेवत होतो. त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत होता. इतकी वर्षं आमच्या नजरेतून ते सुटलं होतं. तेव्हापासून देवनागरीसाठी वेगळं माप वापरतो.

या पद्धतीत कामाला वेळ जास्त लागतो. काही ग्राहक सुरुवातीला बिचकतात, म्हणून विद्यार्थी काम करणार आहे हे आम्ही आधीच सांगतो. कोणाला ते नको असेल तर ते काम मी स्वतः करतो. महाविद्यालयाच्या परीक्षा आणि आमच्या तारखा नेहमीच एकमेकींवर आदळतात. त्यावर एकच उपाय सापडला, विद्यार्थ्याला दिलेलं काम घाईचं नसावं.

सध्याची तुकडी ४८ पानी सेंटर पिन, म्हणजे घडीवर मधोमध पिना मारलेल्या, पुस्तिकेवर आहे. संगणकाला हात लावण्याआधी बारा कोरे कागद दुमडून, एकात एक घालून त्यांनी डमी केली. मधली पानं मिलिमीटरभर बाहेर आलीत. तेवढी कटिंगला जाणार, म्हणून कडेचे पानक्रमांक किती आत घ्यायचे यावर काका पट्टी घेऊन त्यांच्याशी बोलत बसलेत.