धोतराचा पांढरा

कार्तिकी एकादशीला गोव्यातल्या माशेलहून साखळीच्या विठ्ठलापुरात आमची लहानशी दिंडी पायी जाते. मांडवीवरचा आमोण्याचा पूल ओलांडेपर्यंत ऊन कोवळं असतं, मग ते डोक्यावर चढतं. त्याच उन्हात पावली, म्हणजे दिंडीतला तालावरचा नाच, रंगते आणि मला नेमकी तीच टिपायची असते.

गेल्या वर्षी कॅमेरा ऑटोवर होता. मागे कुळागराची, म्हणजे पोफळीच्या बागेची, काळोखी सावली, पुढे पांढरी धोतरं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरने काळोख उजळला आणि धोतरं अशी जळाली की सुताचा एक धागाही दिसेना. पुढच्याच वळणावर अख्खी फ्रेम पांढऱ्या टोप्यांनी भरली. मीटरला सगळं करडं हवं असतं, म्हणून त्याने फोटो अंधारवला. माणसं ओळखू येईनात. ऊन तेच, माणसं तीच. घरी येऊन ते फोटो पाहताना फार वाईट वाटलं.

यंदा मॅन्युअल, म्हणजे सगळे आकडे मीच ठरवायचे. स्वच्छ उन्हाचा जुना हिशोब आहे : लेन्सचं छिद्र एफ/१६ ला ठेवलं की शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, सेकंदाला आयएसओच्या आकड्याने भागून येतो तेवढं. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते. म्हणजे आयएसओ २०० ला १/२००. पण पावलीत पाय उचलला की १/२०० ला तो पुसट होतो. म्हणून छिद्र मोठं करून एफ/८ आणि शटर १/८००. उजेड तेवढाच, पाय मात्र हवेत थांबलेला. मृदंगवाला उडी घेतो तेव्हा एफ/५.६ आणि १/१६००. पहिल्या फोटोनंतर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख, पाहिला, कारण उन्हात स्क्रीनवर काहीच खरं दिसत नाही. आलेखाचा डोंगर उजव्या, पांढऱ्या कडेला आपटत नव्हता, म्हणजे पांढरं जळत नव्हतं. मग दिंडीभर आकडे हलवले नाहीत. कुणी काळी छत्री उघडो की पांढरा सदरा पुढे येवो, सूर्य बदललेला नसतो.

झाडांखाली शिरलं की मात्र उजेड तीनेक स्टॉप, म्हणजे तीनदा निम्मा होत, उतरतो. तिथे शटर कमी केलं तर पावली गेली. मी फक्त आयएसओ १६०० केला, आणि उन्हात येताच परत २००. एकदा परतायचं विसरलो, चार फोटो पांढरेफटक.

अकरानंतर टोपीची सावली थेट डोळ्यांवर पडते. त्याला आकड्यांचा उपाय नाही, वाट पाहावी लागते. ‘पुंडलिक वरदे’ म्हणताना सगळे तोंड वर करतात. तेवढ्या क्षणासाठी मी दिंडीच्या पुढे धावत होतो. एक म्हातारे माउली हाताला धरून म्हणाले, “फोटो मागीर काढ रे पुता, आदीं पावली घाल.” फोटो नंतर, आधी पावली. कॅमेरा पाठीवर टाकला आणि न्हावेलीपर्यंत त्यांच्या शेजारी पाय टाकत गेलो.

वाळवंटी नदीच्या काठावर कॅमेरा पुन्हा काढला. डोक्यावर तुळस घेतलेली बाय फुगडीतून उठत होती. घरी तो फोटो मोठा करून पाहिला : पांढऱ्या नऊवारीची प्रत्येक चुणी जागेवर आहे.