मोबाईल गेटवर, आम्ही गवतात : डेपोतल्या हंगामी कामाचा माझा अनुभव

बॉटनीत बीएस्सी करून गावात बसलेल्या पोराला लोक दोनच गोष्टी विचारतात. एमपीएससीचा फॉर्म भरला का, आणि कापूस वेचायला येतो का. मला तिसरी वाट कॉलेजच्या सरांनी सांगितली. विदर्भातल्या एका दारूगोळा डेपोच्या जमिनीवर पावसाळा सरता सरता गवतकापणी निघते, आणि त्याआधी तिथल्या झाडाझुडपांची नोंद होते. त्या नोंदीसाठी हंगामी मदतनीस हवे होते. जागेचं नाव लिहीत नाही, आत जायचा पास घेताना तसं लिहून दिलंय.

ही सैन्यभरती नाही, हे आधीच सांगतो. मराठवाड्यात झाडं लावणारी १३६ क्रमांकाची पर्यावरण बटालियन आहे, पण ती माजी सैनिकांची. आपण ठेकेदाराची माणसं. वर्दी नाही, कॅन्टीन नाही, आणि हंगाम संपला की आपणही संपलो.

खरी परीक्षा पासाची. माझ्या आधारवर एक स्पेलिंग, टीसीवर दुसरं. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी शंका यावी. आधार दुरुस्तीत बराच काळ गेला. मग पोलीस पडताळणी. ठाण्यातून गावच्या पोलीस पाटलांना फोन गेला. त्यांनी सांगितलं, "पोरगा चांगला हाय साहेब, फक्त झाडं पाहत फिरते." एवढ्यावर निभावलं.

गेटवर मोबाईल, काडीपेटी, लायटर, बिडी सगळं जमा. खर्रा चालतो की नाही, याचा निकाल गेटवर कोण उभं आहे त्यावर. सुरुवातीला या झडतीचा राग यायचा, पण आमच्या भागात कारण कोणाला समजवावं लागत नाही. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा डेपोत आग लागून स्फोट झाले, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली, आसपासची गावं रातोरात रिकामी करावी लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथेच जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले, त्यात मजूरही होते. मी कुठे कामाला जातोय हे कळल्यावर मायनं दोन दिवस धड बोलणं केलं नाही.

आत गेल्यावर मात्र डोळे फिरतात. गुरं चरत नाहीत, कुऱ्हाड नाही, त्यामुळे गवत छातीपर्यंत. बाहेर धुऱ्यावर शोधावं लागणारं पवन्या गवत इथे पसरलेलं, मधे हिवर, पळस, बोरी. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप आपल्याकडे पाहतो आणि बाजूलाही होत नाही. पण हेच गवत वाळलं की बारुदाशेजारचं सरपण. वनविभाग आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो, आणि त्याआधी जाळरेषेतलं, म्हणजे आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातलं गवत कापून तिथेच पेटवतो. इथे काडी ओढायचीच सोय नाही. कापा, गोळा करा, ट्रॅक्टरने बाहेर काढा, पट्टा खरवडून माती उघडी पाडा.

आमचं काम कापणीच्या पुढे पळायचं. एक मीटर बाय एक मीटरची पाइपची चौकट टाकायची आणि आत कोणकोणतं गवत, किती जागा व्यापून आहे, ते कागदावर उतरवायचं. फोटो नाही, ॲप नाही, काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. जे ओळखायचं ते तिथेच, हातात धरून. डिग्री असून मी अडलो की कापणीवाल्या मावशींकडे जायचो.

एकदा मी मारवेल गवत आणि दुसऱ्या एका गवतात घोटाळत होतो. मावशींनी काडी माझ्या हातातून ओढली, पेर नखानं दाखवलं. पेराभोवती पांढऱ्या बारीक केसांचं कडं. "हे पाय बाबू, पैंजण घातलं हाय. मारवेल." मग एक पान चुरून माझ्या नाकाला लावलं, तिखट सुगंध आला. तिखाडी. कुसळी तर शिकवावी लागत नाही, तिच्या काळ्या शेंड्यांची वेणी होते आणि टोकं पॅन्टमधून मांडीत घुसतात. ओलं झालं की ते कुसळ स्वतःच पीळ सोडत फिरतं, तसंच बी मातीत शिरतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तळहातावर थुंकी लावून पाहिलं ते इथे.

पगाराचं मात्र जपून. संरक्षण खात्याच्या कामावर ठेकेदाराला केंद्राचं किमान वेतन द्यावं लागतं, त्यातला महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. आमच्या ठेकेदाराला हे ऑक्टोबरनंतरही बरेच दिवस आठवलं नाही. दर छापलेला कागद समोर ठेवल्यावर आठवलं. पीएफ कापतात, तर यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, पहिल्याच महिन्यात मागून घ्या.

आणि अनुभवाचा दाखला. ठेकेदाराने दिला त्यावर 'गवत कापणी मजूर' एवढंच होतं. मजुरीची लाज नाही, पण फॉरेस्टच्या पुढच्या कामाला 'वनस्पती सर्वेक्षण' हे शब्द लागतात. सर्वेक्षण घेणाऱ्या साहेबांनी नंतर वेगळं पत्र दिलं, त्यासाठी नागपूरच्या चकरा झाल्या. तुम्ही जाणार असाल तर कामाचं स्वरूप रुजू होतानाच कागदावर लिहून घ्या.