तुम्ही विचारलंत म्हणून: ०.०५ टक्के अचूकता, पण कुठे?

"एलसीआर मीटर ०.०५ टक्के अचूक आहे म्हणतात, मग माझा कपॅसिटर धड का मोजत नाही?" हा प्रश्न मला सतत येतो. (एलसीआर मीटर म्हणजे इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रेझिस्टन्स मोजणारं उपकरण.) यावर माझा उलटप्रश्न ठरलेला असतो: कुठल्या फ्रिक्वेन्सीला मोजताय, आणि तिथे इम्पीडन्स (एसी करंटला होणारा एकूण विरोध) किती येतो?

तो ठळक छापलेला आकडा मीटरच्या पल्ल्याच्या मधल्या पट्ट्यापुरता खरा असतो. मिलीओहमकडे किंवा मेगाओहमकडे सरकलात, की त्याच मीटरची चूक कित्येक टक्क्यांवर जाते. खरेदीआधी मॅन्युअलमधला इम्पीडन्स-फ्रिक्वेन्सीचा आलेख बघाच. मला तो जाहिरातीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

१०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. १ किलोहर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स (इम्पीडन्समधला कपॅसिटन्स किंवा इंडक्टन्समुळे येणारा भाग) साधारण १.६ ओहम, मोजायला सोपा. १०० किलोहर्ट्झला तोच जेमतेम १६ मिलीओहम उरतो. आता १० सेंटीमीटर साध्या वायरीचं इंडक्टन्स ढोबळमानाने १०० नॅनोहेन्री, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीला सुमारे ६३ मिलीओहम. वायर कपॅसिटरला चौपट भारी पडली! मीटर ऋण कपॅसिटन्स दाखवतो ते यामुळे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्याच्या टर्मिनलला खरोखरच इंडक्टर जोडलेला असतो.

म्हणून केल्विन जोडणी: दोन वायरी करंट नेतात, दोन व्होल्टेज वाचतात. पण तेवढ्यानेही भागत नाही. करंटच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून ठेवा, व्होल्टेजच्या वेगळ्या. नाहीतर एका जोडीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत व्होल्टेज निर्माण करतं. शॉर्ट करेक्शनही (टोकं एकमेकांना जोडून वायरींची चूक वजा करणं) वायरी जशा मोजताना राहणार तशाच ठेवून घ्यायचं.

इम्पीडन्सच्या वरच्या टोकाला त्रास उलटा. १ पिकोफॅरड १ किलोहर्ट्झला १५९ मेगाओहम होतो, आणि नुसत्या दोन क्लिपांमध्येच तेवढं कपॅसिटन्स सहज असतं. ओपन करेक्शन (क्लिपा मोकळ्या ठेवून त्यांचं स्वतःचं कपॅसिटन्स वजा करणं) घेताना क्लिपांमधलं अंतर कपॅसिटरच्या लांबीइतकंच ठेवा आणि हात लांब ठेवा. मीटर १ मेगाहर्ट्झपर्यंत जात असेल तर तिथे मोजा. १५९ किलोओहम त्याला फारच सोपे.

लॉस फॅक्टरची (कपॅसिटरमध्ये किती ऊर्जा वाया जाते ते सांगणारा आकडा, मीटरवर 'डी') अचूकता मात्र स्वतंत्र बघावी लागते. चांगल्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरचा डी ०.०००२ च्या आसपास असतो. मीटरची डीमधली चूक ±०.०००५ असेल, तर कपॅसिटन्सचे चार अंक भरवशाचे असूनही त्या डीवरून काढलेल्या ईएसआरला (कपॅसिटरच्या आतल्या सिरीज रेझिस्टन्सला) काहीच अर्थ नाही.