फुलकीचा पासपोर्ट

यंदा गणपतीला अलिबागला आले तेव्हा पडवीत बॅग टेकते न टेकते तोच आत्याने विचारलं, "फुलकीला कुठे ठेवून आलीस गं?" जावई कसे आहेत, हे त्यानंतर.

फुलकी म्हणजे आमची घोडी. कागदोपत्री तिचं नाव फ्लॉके. आत्याच्या तोंडी त्याची फुलकी झाली, आणि आता जर्मनीत ब्रेमेनजवळच्या आमच्या तबेल्यातही तिला तीच हाक मारतात. जात हाफलिंगर, अंग तांबूस, आयाळ ताकाच्या रंगाची, वजन साडेचारशे किलोच्या आसपास. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिला मोटरहोममधून डेन्मार्कच्या रोमो बेटावर नेऊन आणलं. पुढे आमची खोली, त्यात ओटा आणि पलंग. मधल्या भिंतीपलीकडे तिची खोली. आरती झाली की रोज कुणी ना कुणी हेच विषय काढायचं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

ती गाडीत झोपते कशी? उभ्यानेच. घोड्याच्या पायांची रचनाच अशी की सांधे जागच्या जागी अडकतात आणि स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. पण गाढ झोपेसाठी तिलाही आडवं व्हावं लागतं, म्हणून रात्रीच्या मुक्कामाला शक्यतो एखादं शेत गाठायचं आणि तिला कुंपणात मोकळं सोडायचं. एके रात्री जागा मिळाली नाही. ती गाडीतच राहिली आणि तासातासाने या पायावरचा भार त्या पायावर घेत राहिली. दर वेळी आमचा पलंग हलायचा. नवरा देशावरचा, तो दचकून उठून बसला. मला मात्र बंदरात नांगरलेल्या होडीत निजल्यासारखी सुरेख झोप लागली.

गाडी लागते का तिला? लागली तरी आपल्याला कळणार नाही, कारण घोड्याला उलटी होतच नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं त्या वाटेने परत येत नाही. म्हणून डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखी गाडी चालवायची. ब्रेक हळू, वळण त्याहून हळू. दोन-तीन तासांनी थांबून तिला मान खाली घालू द्यायची. मान बराच वेळ वर बांधलेली राहिली तर छातीत गेलेली धूळ आणि कफ बाहेर पडत नाही आणि ताप भरतो. एका थांब्यावर ती खिडकीतून तोंड काढून उभी होती. शेजारच्या गाडीतल्या छोट्या मुलाने हातातला अख्खा पाव तिच्यापुढे धरला आणि आईकडे बघून विचारलं, "गाडी हीच चालवते का?"

पाण्याची गोष्ट आत्याला सगळ्यांत पटली. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, पण फुलकी परक्या गावचं पाणी हुंगते आणि तोंड फिरवते. मग घरून कॅन भरून न्यायचे. ते संपत आले की तिथल्या पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायचा, म्हणजे वास लपतो. आत्या म्हणाली, "शहाणी आहे." ती स्वतः पुण्याला लेकीकडे जाताना आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेते.

लिदीचं काय करता, हेही विचारून झालं. रोज घमेली भरून निघते. रोमोवरच्या आमच्या यजमानीणबाईंनी ती गुलाबांसाठी मागून घेतली आणि बदल्यात स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याची बरणी दिली.

रोमोचा किनारा इतका रुंद आणि टणक आहे की गाड्या थेट वाळूवर नेता येतात. फुलकीने जन्मात प्रथमच लाट पाहिली. लाट आली की ती चार पावलं मागे, लाट ओसरली की चार पावलं पुढे. तासभर तिचा हा फुगडीसारखा खेळ चालला होता आणि मी हसून हसून वाळूत बसले होते.

परतताना एल्बे नदी मांडव्याच्या रो-रोसारख्या बोटीने ओलांडली आणि कुक्सहाफेनला थांबलो. तिथे जे दिसलं ते सांगायला मी टांगेवाल्या काकांकडे मुद्दाम गेले. कुक्सहाफेनसमोर नॉयवेर्क नावाचं बेट आहे. त्यावर १३१० साली पुरा झालेला बुरूज आहे. ओहोटीला मैलोन् मैल समुद्रतळ उघडा पडतो आणि त्यावरून घोडागाड्या त्या बेटाकडे जातात! वाटेवर काटक्यांच्या जुड्या रोवून खुणा केलेल्या. कुणी भरतीत सापडलंच तर चढून बसायला खांबांवर पिंजरे. आमच्या काकांचा टांगा ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर जातो, तेच हे, फक्त अंतर खूप लांबचं. १६८० साली महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला मी पहिल्यांदा पाहिला तो काकांच्याच टांग्यातून. उतरताना त्यांनी बजावलं होतं, "हाक मारली की निघायचं, पाणी थांबत नाही."

काका ऐकत होते. "चाकं केवढी?" पुरुषभर उंच असतील, म्हटलं, मधल्या ओहोळांत पाणी घोड्याच्या पोटाला लागतं. "वेळ कशी काढतात?" छापील तक्ता असतो. काका तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला सहा, की झालं. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, तिथे चालत नाही. पण भरती रोज पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते, हे तिथेही तसंच, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

मग मी फोनवर फुलकीच्या पासपोर्टचा फोटो दाखवला. युरोपात प्रत्येक घोड्याला तो लागतो, आणि २००९च्या जुलैपासून जन्मलेल्या शिंगराला मानेत चिपही. आत घोड्याचं रेखाचित्र असतं. त्यावर पशुवैद्य अंगावरचे पांढरे पट्टे रंगवतात आणि केसांचा प्रत्येक भोवरा फुलीने दाखवतात. काकांनी चष्मा चढवला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि गळ्यावरच्या फुलीवर बोट ठेवलं.

"देवमण आहे की हिला," ते म्हणाले. गळ्यावरचा हा भोवरा शुभ मानतात. "मग काय पोरी, ने तिला हवी तिथे."