नानांची हिशोबपट्टी आणि माझा पायथन

गणपतीत नाशिकहून गावी गेलो तेव्हा नाना कांदाचाळीतला उन्हाळ कांदा लासलगावला न्यायच्या गडबडीत होते आणि मी नुकतंच पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतलेलं, म्हटलं पहिला प्रोग्राम ह्याच कांद्याचा करू. पायथन फुकट आहे, १९९१ पासून आहे, शिकणाऱ्याने सरळ ३ व्हर्जनच घ्यावं कारण २ चा सपोर्ट २०२० लाच संपला. विंडोजवर इन्स्टॉल करताना खाली पाथमध्ये ॲड करायचा चौकोन असतो त्यावर टिक नक्की करा, नाहीतर कमांड प्रॉम्प्टमध्ये पायथन सापडतच नाही, माझा अख्खा एक तास त्यात गेलाय. सोबत आयडल नावाची कोड लिहायची खिडकी येते, त्यात नवीन फाइल उघडायची, लिहायचं, सेव्ह करून एफ ५ दाबायचं, प्रोग्राम चालला.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. प्रिंट, इनपुट, इंट (print, input, int) हे शब्द इंग्रजीतच टाइप करावे लागतात पण व्हेरिएबलचं, म्हणजे ज्यात माहिती साठवतो त्या डब्याचं, नाव चक्क मराठीत चालतं! मी लिहिलं:

पहिली = input("पहिली गाडी किती क्विंटल? ")
दुसरी = input("दुसरी गाडी? ")
print(पहिली + दुसरी)

नाना शेजारी बसलेले, त्यांनी मराठी कीबोर्डवरून २५ आणि ३० टाकले आणि उत्तर आलं २५३०. नाना म्हणाले, "अरे एवढा कांदा आख्ख्या गल्लीत नाही." झालं असं की इनपुटमधून जे येतं ते पायथनसाठी अक्षरं असतात, आकडा नाही, म्हणून अधिकने दोन्ही एकापुढे एक चिकटवले. दोन्ही इनपुटभोवती इंटचा (अक्षरांचा पूर्णांक करणारा) कंस घातला की ५५ येतं, साडेपंचवीस क्विंटल असेल तर इंटऐवजी दशांशाचा फ्लोट (float). आणि इंटला देवनागरी आकडे पण कळतात, खरंच, करून बघा! फक्त कोडमध्ये थेट आकडा लिहिताना इंग्रजीच लागतो आणि उत्तरही इंग्रजी आकड्यांत येतं.

मग मी बेरजेला एका भावाने गुणलं तर नाना लगेच म्हणाले, दोन्ही गाड्यांना सारखाच भाव कुठे मिळतो रे, लिलाव प्रत्येक गाडीचा वेगळा होतो, आणि हमाली-तोलाई कोण कापणार? बरोबरच होतं. म्हणून फॉर (for) लूप घेतला, म्हणजे त्याच ओळी प्रत्येक गाडीसाठी पुन्हा चालतात, प्रत्येक गाडीचं वजन आणि भाव विचारायचा, गुणाकार एकूणमध्ये मिळवत जायचा. फॉरच्या ओळीच्या शेवटी कोलन विसरू नका आणि आतल्या ओळी चार स्पेस आत घ्या, पायथनला त्यावरूनच कळतं लूपमध्ये काय आहे आणि बाहेर काय, माझी प्रिंटची ओळ आत राहिली होती तर प्रत्येक गाडीनंतर एकूण छापत होता.

दुसऱ्या दिवशी नाना बाजार समितीतून आले, २५ क्विंटल १८५० ने आणि ३० क्विंटल १७०० ने. टाकलं, ९७२५०. कापलेली हमाली-तोलाई शेवटी वजा केली आणि नानांनी खिशातून बाजारातून मिळालेली हिशोबपट्टी काढून चष्मा लावून शेजारी धरली, रुपया न रुपया जुळला.