तुम्ही विचारलंत म्हणून: बासष्टची गिटार घेऊ का?

क्लासला येणारं पोरगं वर्षभरात जरा बरं वाजवायला लागलं, की त्याचा बाप एकदा हटकून जिना चढून येतो. चप्पल काढता काढताच विचारतो, "सर, हे १९६२ वगैरे सालच्या जुन्या मॉडेलच्या म्हणून नव्याच गिटारी विकतात की, साध्या गिटारीच्या दुपटीनं. घेऊन द्यावी का? उद्या विकायची म्हटलं तर पैसे निघतील?" आजवर पायरीवर उभ्या उभ्या उत्तर दिलं. आज जरा बसून देतो.

आधी पैशांचं. नाही निघणार. खरी १९६२ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे अमेरिकेच्या फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, लाखांत जाते, कारण त्या साली झाल्या तेवढ्याच झाल्या. दुकानातली 'बासष्ट' मात्र गेल्या वर्षी कारखान्यातून निघाली आणि पुढच्या वर्षीही निघेल. बिल फाटलं की ती सेकंडहँड.

मुळात हा प्रकार सुरू कसा झाला? १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीनं फेंडर कंपनी विकत घेतली. सत्तरच्या दशकात माल घसरला, आणि वाजवणारे जुन्या गिटारी हुडकत फिरायला लागले. जपानी कारखान्यांनी ही नस बरोबर पकडली आणि जुन्या फेंडरच्या हुबेहूब नकला काढल्या. शेवटी १९८२ मध्ये फेंडरनंच आपल्या १९५७ आणि १९६२ च्या स्ट्रॅटोकास्टर नव्यानं काढल्या, शिवाय जपानमध्येही स्वतःच्या नावानं गिटारी बनवून घेतल्या. त्या पहिल्या जपानी गिटारींच्या नंबराआधी 'जेव्ही' असतं, आणि त्यांना आज खरंच चांगला भाव येतो. पण चाळीस वर्षांनी! तेवढा दम असेल तर सोनं घ्या.

मग जास्तीचे पैसे कशाचे? माझ्या मते नेकचे, म्हणजे गिटारीच्या दांड्याचे. माझ्याकडे बासष्टच्या धर्तीची एक आहे. तिच्या फ्रेटबोर्डची, म्हणजे नेकवर जिथं बोटं दाबतो त्या पट्टीची, गोलाई सव्वासात इंची, म्हणजे पट्टी मधून चांगलीच उंचवटलेली (आकडा लहान तितका उंचवटा जास्त). बॅरे कॉर्ड, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरला की बोट आपोआप टेकतं, तासभर वाजवलं तरी मनगट कुरकुरत नाही. हे सुख आहे. पण याच गोलाईपायी वरच्या फ्रेटवर (पट्टीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) तार ओढली की सूर मध्येच गुदमरतो. लीड, म्हणजे एकेक सुराची धून, वाजवणाऱ्या पोराला हे आधी सांगायला हवं, दुकानदार सांगत नाही.

आणि ट्रस रॉड. नेक सरळ ठेवणारी ही सळई हल्ली बहुतेक गिटारींत डोक्याकडून, म्हणजे खुंट्यांच्या बाजूनं, फिरवता येते. माझ्या गिटारीत तिचं टोक नेकच्या बुडाशी, बॉडीत दडलेलं. बासष्टला तसंच होतं ना, म्हणून! सोलापूरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. पारा बेचाळीसवर गेला की लाकूड सुकतं, फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन बोटाला करवतीसारखी लागतात, नेक जराशी वाकते. मग तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक उचला, पाव आटा फिरवा, सगळं परत बसवा, सुरात लावा आणि बघा. कमीच पडलेलं असतं. पहिल्या उन्हाळ्यात एका रविवारी चारदा केलं. बायको म्हणाली, "अहो, गिटार वाजवताय की पंक्चर काढताय?"

पॉलिशही जुन्या पद्धतीचं, नायट्रोसेल्युलोजचं. दिसतं सुंदर, पण स्टँडच्या रबरानं ते खाल्लं आणि कमरेवर दोन काळे डाग उमटले. तेव्हापासून ती चादरीत गुंडाळून ठेवतो. सोलापुरात चादरीला काय तोटा?

मुद्दाम घासून जुनाट केलेल्या गिटारी मिळतात, त्या तर घेऊच नका. तेवढं खरवडणं तुमचं पोरगं एका गॅदरिंगमध्ये फुकट करून देईल.

नुसतं रूप आवडलं असेल तर स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्तातल्या ब्रँडची 'क्लासिक व्हाइब' बघा. जुना चेहरा, पण गोलाई साडेनऊ इंची आणि ट्रस रॉड डोक्याकडे. पहिल्या पाच-सात वर्षांना भरपूर झाली. आणि पोराला खरंच बासष्टची नेक हवी असेल, तर आधी माझ्या गिटारीवर अर्धा तास वाजवू दे. एप्रिलात येणार असाल तर मात्र फोन करून या, नेक काढलेली असेल.