या वयात वजनं कशाला उचलता?

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नकार्यात, भिशीत, अगदी लिफ्टमध्येसुद्धा हाच प्रश्न: "काकू, सत्तरीला आलात, आता जिममध्ये वजनं कशाला? चालायला जा की." अहो, चालते मी रोज. चालण्याने दम टिकतो. पण हात न टेकता खुर्चीतून उठायला मांड्यांत जोर लागतो, तो नुसत्या चालण्याने फारसा वाढत नाही.

हे मी आईकडे बघून शिकले. न्यूमोनियाने हॉस्पिटलात होती, सगळा वेळ पलंगावर. ताप उतरला, रिपोर्ट चांगले आले, घरी आणलं. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातल्या स्टुलावरून तिला उठता येईना. नळाला धरून जोर लावला, जेमतेम वीतभर उचलली गेली आणि धपकन खाली बसली. काखेत हात घालून ओढलं तर कळवळली. अंगावरचा साबण वाळायला लागला होता. शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारली. तिच्या अंगावर टॉवेल घालून मी दार उघडलं, तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई. त्यानंतर ती एकटी कधीच आंघोळीला गेली नाही. डॉक्टर म्हणाले, "वय झालं." व्यायामाचं कुणी नावही काढलं नाही.

खरंच नुसतं वय? निरोगी वृद्धांना फक्त 10 दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर पायांतलं जवळजवळ 1 किलो मांस झडलं होतं. आणि 1990 साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या माणसांकडून 8 आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. आईचं तसं झालं असतं का? सांगता येत नाही, आणि तेच मला छळतं.

पन्नाशीतली मी म्हणायची, उतारवयात देहाचे लाड कशाला, नाम घ्यावं. तिचं सगळंच चूक होतं असं आजही म्हणवत नाही. कितीही उचललं तरी एक दिवस हे पाय थकणारच. पण तोवर मोरीचं दार मला आतून लावायचंय.

सून म्हणते, गुडघे जातील. दुखतात कधीकधी, खोटं कशाला बोलू. तेव्हा ट्रेनर वजन कमी करतो, बंद करत नाही. नुसत्या वरणभातावर स्नायू धरत नाहीत, म्हणून ताटात उसळ आणि अंडी आली; त्यावरूनही घरात कुरबुर आहेच.

यायचं असेल तर आधी डॉक्टरांना बीपी दाखवा. तोवर खुर्ची भिंतीला टेकवा आणि हात न लावता उठून बघा. श्वास रोखू नका.